मैना कोष्टीची हजेरी

एका तालुक्याच्या गावी एक कॉलेज होतं, आणि साथीच्या दिवसांत त्या कॉलेजला भलंमोठं कुलूप लागलं होतं. पोरं घरी, मास्तर घरी. शिकवणं मात्र थांबलं नव्हतं. ते मोबाइलवरून चाललं होतं.

त्या कॉलेजात इंदुमती ढोबळे नावाच्या बाई अर्थशास्त्र शिकवत. त्यांचं घर दोन खोल्यांचं. नवरा बाहेरच्या खोलीत ऑफिसचं काम करी, म्हणून बाईंचा वर्ग स्वयंपाकघरात भरे. ओट्यावर पिठाचा डबा, डब्याला टेकवलेला मोबाइल, समोर बाई. मध्येच रेंज जाई. मध्येच दूधवाला हाका मारी. पडद्यावर मुलांची तोंडं नाहीत, नुसती नावं. एखादा विनोद केला तर कुणी हसलं की नाही, तेही कळायचं नाही. तरी बाई मन लावून शिकवत होत्या.

कॉलेजचे प्राचार्य होते सोनटक्के सर. माणूस वाईट नव्हता, पण शिस्तीचा भारी शौकीन. त्यांनी फर्मान काढलं, "तासाला प्राध्यापकांचं घर दिसता कामा नये, ऐकू येता कामा नये. विद्यार्थ्यांचंही तेच. ज्याच्या घरचा गोंगाट वर्गात ऐकू आला, तो गैरहजर. आणि गैरहजेरी वाढली की परीक्षेला बसायचं नाही." आता बोला! लोकांच्या घरात शिरायचं आणि लोकांनाच सांगायचं, घर बंद ठेवा.

पण नोकरी ती नोकरी. कुणी भिंतीला चादरी टांगल्या. कुणी तासाच्या वेळी कुकर लावायचं सोडलं. ढोबळे बाईंच्या सासूबाईंना ऐकू कमी येई, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं मोठ्यानं. बाईंनी त्यांना हात जोडले, "आत्या, तेवढा तास गप्प बसाल?" म्हातारी बिचारी मान डोलावून कोपऱ्यात बसू लागली.

बाईंच्या वर्गात मैना कोष्टी नावाची मुलगी होती. तिच्या घरातच यंत्रमाग होता आणि वडील दिवसभर त्यावर लुगडी विणत. घर एका खोलीचं, आणि रेंज नेमकी मागाशेजारच्या खिडकीतच यायची. मैना तिथं बसे. कॅमेरा बंद, आवाज बंद, कान मात्र टवकारलेले. त्या घरातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच. परीक्षा हुकली तर तिचं शिक्षण तिथंच संपेल, हे तिलाही ठाऊक होतं आणि बाईंनाही.

एक दिवस बाईंनी विचारलं, "मैना, भाववाढ म्हणजे काय, सांग बघू." मैनानं आवाज चालू केला मात्र, मागाचा खडखडाट सगळ्या वर्गात घुसला. तिचं उत्तर बरोबर होतं, पण ऐकतंय कोण? प्राचार्य अधूनमधून गुपचूप वर्गात डोकावत. ते कडाडले, "हा काय कारखाना आहे? ढोबळे बाई, हिची गैरहजेरी लावा. आणि शांत जागा शोधेपर्यंत रोज लावा!" मैनाचा आवाज पटकन बंद झाला.

तास संपला. बाईंनी मागं वळून पाहिलं. सासूबाई कोपऱ्यात तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना खोकल्याची उबळ आली होती आणि त्यांनी ती दाबून धरली होती.

"झालं का गं तुझं?" म्हातारीनं विचारलं. "खोकू का आता?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यात जास्त राग आला तो स्वतःचाच. म्हाताऱ्या माणसानं आपल्याच घरात खोकायला परवानगी मागायची? आणि त्या पोरीनं काय करायचं, बापाला माग थांबवायला सांगायचं? बाईंनी तिथल्या तिथं मैनाची हजेरी लावली. दुसऱ्या दिवशीही लावली, तिसऱ्या दिवशीही लावली.

प्राचार्यांचा फोन आला. "बाई, नियम मोडताय. तास काढून घेईन तुमचे."

"घ्या काढून," बाई म्हणाल्या. "पण जी मुलगी रोज माझं शिकवणं ऐकते, तिला मी गैरहजर म्हणणार नाही. खोटं लिहायला मी नोकरीला लागलेली नाही."

प्राचार्य इरेला पेटले. कशी बेशिस्त चाललीय ते बघाच, म्हणून त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांनाच बोलावून घेतलं. दोघे कॉलेजच्या केबिनमध्ये संगणकासमोर बसले. वर्गात कुणाचा आवाज चालू ठेवायचा आणि कुणाचा बंद, हे त्या संगणकावरून प्राचार्यांच्या हातात होतं.

बाईंना हे सगळं माहीत होतं. तरी तास सुरू होताच त्या म्हणाल्या, "पोरांनो, आज कुणी लाजायचं नाही. ज्याच्या घरी जे वाजतंय ते वाजू द्या. आवाज चालू करा आणि हजेरी द्या." मग मागं वळून मोठ्यानं म्हणाल्या, "आत्या, खोका खुशाल!"

झालं! कुठं शेळी ओरडली, कुठं कुकरची शिट्टी झाली, कुठं बाळानं भोकाड पसरलं. मैनाचा माग खडखडला. आत्या तर अशा खोकल्या की ओट्यावरची भांडी वाजली. आणि त्या गलक्यातून एकेक जण ओरडत होता, "हजर, मॅडम!"

प्राचार्य लालबुंद झाले. तिरीमिरीत त्यांनी बटण दाबलं आणि सगळ्यांचे आवाज बंद करून टाकले. एकदम शांतता पसरली.

"बघा," ते अध्यक्षांना म्हणाले, "वर्ग असा हवा."

"वा," अध्यक्ष म्हणाले. मग त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "पण सर, शिकवतंय कोण?"

प्राचार्यांनी पाहिलं. रागाच्या भरात त्यांनी बाईंचाही आवाज बंद केला होता. ओशाळून त्यांनी घाईघाईनं एकट्या बाईंचा आवाज चालू केला.

"माझा एकटीचा नको, सर," बाई म्हणाल्या. "माझी मुलं मुकी करून मी शिकवू कुणाला? चालू करायचे तर सगळ्यांचे करा." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं आपला आवाज पुन्हा बंद केला, हाताची घडी घातली आणि कॅमेऱ्याकडे बघत बसल्या.

तास सरत चालला. प्राचार्य अध्यक्षांकडे बघत होते, अध्यक्ष पडद्याकडे.

"माझ्याकडे काय बघताय?" अध्यक्ष शेवटी म्हणाले. "बटण तुमच्या हातात आहे. मी तास ऐकायला आलोय."

प्राचार्यांनी बटण दाबलं. सगळा गलका पुन्हा सुरू झाला. बाईंनी आपला आवाज चालू केला आणि विचारलं, "मैना कोष्टी, भाववाढीची झळ जास्त कुणाला बसते?"

मागाच्या वर आवाज काढत मैना ओरडली, "ज्याची मिळकत वाढत नाही त्याला, मॅडम!"

"बरोबर. पण आणखी मोठ्यानं सांग. सरांना ऐकू गेलं नसेल."

मैनानं आणखी मोठ्यानं सांगितलं. त्या दिवशी तिची हजेरी प्राचार्यांच्या डोळ्यांदेखत लागली, आणि वर्षअखेरीला ती परीक्षेला बसली.

तात्पर्य: शिस्त असते शिकण्यासाठी. जी शिस्त शिकणाऱ्यालाच वर्गाबाहेर काढते ती खुशाल मोडावी, आणि मोडायची तर सगळ्यांसमोर, ताठ मानेनं मोडावी.