दवंडीचे शेपूट

बसा असे सावलीला. भरती चढल्याशिवाय लाँच सुटायची नाही, अजून तासभर तरी आहे.

हा कमरेएवढा उंच दगडी चौथरा दिसतो ना, त्याला आमच्या शेवरेबंदरात दवंडीचा चौथरा म्हणतात. मघाशी याच्यावरून दवंडी झाली ती तुम्ही ऐकलीत आणि चक्रावलात. नगरपालिकेचा माणूस ढोल वाजवून सांगत होता, की किनाऱ्यावर नवीन बसवलेले झोपाळे भरतीच्या वेळी बंद राहतील. त्याचे बोलणे संपते न संपते तोच गर्दीतली एक कोळीण ओरडली, "तेवढा वेळ समुद्र झोके घेईल हो, त्याला कुणी उठवू नये!" सगळे बंदर हसले. ज्यांनी ते झोपाळे भरतीच्या रेषेच्या आत बसवले, त्या नगराध्यक्षा शेजारीच उन्हात उभ्या राहून निमूटपणे ऐकत होत्या. तुमच्यातल्या या ताईंनी मला विचारले, त्या हा अपमान सहन का करतात?

आम्ही याला अपमान मानत नाही. ठरावाला शेपूट लागले, असे म्हणतो. ते का लावायचे, याची हकिगत माझ्या आजोबांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकली होती. तीच सांगतो.

गावात नगरपालिका नुकतीच आली होती तेव्हाची ही गोष्ट. ठराव लोकांना कळवायला छापखाना नव्हता आणि वाचणारेही थोडेच होते. म्हणून पालिकेने धाकू घडशी नावाच्या माणसाला दवंडीवर नेमले. धाकूचा आवाज असा, की चौथऱ्यावरून ओरडला तर खाडीपलीकडची माणसे वळून पाहत, असे सांगतात. ठराव तो नीट, शब्दाला शब्द सांगायचा. मग क्षणभर थांबून ढोलावर एक थाप मारायचा आणि पदरचे एक वाक्य जोडायचा. तेच शेपूट.

पालिकेने रस्त्यावर अकरा कंदील लावले आणि ठरवले, की चांदण्या पक्षात ते पेटवायचे नाहीत. हा ठराव सांगितला गेला ऐन श्रावणात. धाकूने थाप मारली आणि म्हणाला, "ढगांनीही याची नोंद घ्यावी!" मासळीबाजार बंदरावरून उचलून टेकडीवर कचेरीजवळ न्यायचे ठरले, तेव्हा म्हणाला, "माशांनी आजपासून चढण चढायची सवय करावी!" मोकाट गुरांसाठी कोंडवाडा बांधला, पण त्याचे दार यायचे होते. धाकू म्हणाला, "दार येईपर्यंत गुरांनी आपण होऊन आत थांबावे!"

ढोल वाजला की गाव हातातले काम टाकून धावायचे. बायका पिठाच्या हातांनी दारात यायच्या. ठराव ऐकायला कोण येणार? सगळे शेपूट ऐकायला यायचे, पण त्या निमित्ताने ठरावही कानावरून जायचा. मासळीबाजाराचा ठराव तर पालिकेने पुढच्या महिन्यात मागे घेतला म्हणे, इतके लोक त्या चढणीवरून हसले.

त्या वेळचे नगराध्यक्ष वासुदेवराव खांबेटे. गाव त्यांना वासूअण्णा म्हणायचे. माणूस सरळ आणि कष्टाळू. गटारे स्वतः चालत जाऊन बघायचा. फक्त मनाला चटकन लावून घ्यायचा. तरी दोन वर्षे त्यांनी धाकूची शेपटे ऐकून घेतली, कधीकधी मिशीत हसलेही.

मग त्यांची आई वारली. अण्णांनी तिच्या नावाने बंदरावर पाणपोई बांधली. जागा चुकली. तिच्यासाठी खणलेली विहीर समुद्राला फार जवळ पडली आणि पाणी मचूळ लागले. पाणपोई खुली झाल्याची दवंडी धाकूने दिली, थाप मारली आणि म्हणाला, "पाणी खारट लागलं तर मातोश्रींच्या आठवणीनं डोळ्यांतलं आलं असं समजावं!"

लोक पोट धरधरून हसले. अण्णा गर्दीच्या मागे उभे होते. ते घरी गेले आणि दोन दिवस बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी पालिकेचा हुकूम निघाला, की दवंडीत लिहिलेल्यापलीकडे एक अक्षरही बोलायचे नाही.

धाकूने हुकूम पाळला. आपण कुठे पाय टाकला हे त्यालाही उशिरा उमगले होते आणि तो मनातून खजील होता. पुढचे सात महिने तो चौथऱ्यावर उभा राहून कागदात असेल तेवढेच सांगत राहिला. पहिल्या महिन्यात लोक येऊन शेपटाची वाट पाहत. धाकू ढोल काखोटीला मारून खाली उतरे, तसे तेही परतत. मग येणारे कमी झाले. नारळी पौर्णिमेनंतर तर तो मोकळ्या वाळूला ठराव सांगायचा. दवंडी दिल्याची नोंद होत होती आणि कुणी काही ऐकत नव्हते.

कार्तिकातली गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. आभाळ स्वच्छ होते आणि समुद्रावर तेल ओतल्यासारखी शांतता. कचेरीत तार आली, की दक्षिणेकडून मोठे वादळ किनाऱ्याने वर सरकते आहे, होड्या पाण्यात घालू नयेत. अण्णांनी तार वाचली आणि धाकूला पिटाळले.

धाकूने ढोल बडवला. कुणी आले नाही. तो ढोल वाजवत कोळीवाड्यात शिरला. बायका जाळी विणत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "वादळ येतंय! होड्या काढू नका!" तो ओरडला. एक म्हातारा म्हणाला, "मागं होडीला नंबर मारायचा हुकूम आणलास, आता होडीच काढू नको म्हणतोस. आभाळ बघ की जरा!" ओहोटी लागली होती. धाकूच्या डोळ्यांदेखत पाच होड्या निघून गेल्या. सगळ्यांत पुढे हिराजी नाखव्याची, चार माणसांची. उरलेल्या बारा वाळूवरून ढकलायला माणसे खांदे लावत होती.

इतक्यात अण्णा स्वतः धावत टेकडी उतरून आले. धोतराचा सोगा हातात, पायात वहाण नाही.

"ऐकत नाहीत?" त्यांनी विचारले.

"नाही साहेब. आता ढोल वाजला की लोक कान बंद करतात. ते शेपटासाठी यायचे."

"मग लाव शेपूट! माझी मनाई मागे घेतली. लाव लवकर!"

धाकूने ढोलावर एक थाप मारली. "सुचत नाही साहेब. समोर होड्या जाताना दिसतायत, कसं सुचेल?"

अण्णांनी त्याच्या गळ्यातला ढोल ओढून आपल्या गळ्यात घातला आणि चौथऱ्यावर चढले. वाजवता येत नव्हतेच. दोन्ही तळव्यांनी कसाही बडवत ते ओरडू लागले, असे सांगतात:

"ऐका हो ऐका! मी वासुदेव खांबेटे, ज्यानं मासे टेकडीवर चढवले! ज्याचे कंदील ढगांना विचारून लागतात! ज्याच्या कोंडवाड्याला अजून दार नाही! ज्याच्या आईच्या पाणपोईचं पाणी खारट आहे, खारट आहे, तोंडात धरवत नाही!"

आधी एक बाई हसली. मग दुसरीने तिसरीला हाक मारली. गावाचा अध्यक्ष उघड्या डोक्याने, ढोल बडवत, स्वतःला शिव्या घालतोय, हे पाहायला अख्खा कोळीवाडा धावला. होड्यांना लावलेले खांदे निघाले. हसता हसता लोकांनी पाहिले, की अण्णांच्या गालांवरून पाणी ओघळते आहे. मग हसणे आपोआप थांबले.

"हसून झालं असेल तर आता ही तार ऐका," अण्णा म्हणाले आणि त्यांनी तार वाचली.

त्यानंतर कुणाला काही सांगावे लागले नाही. बारा होड्या वर ओढल्या गेल्या. बायकांनी सुक्या झावळ्यांचा ढीग पेटवून त्यावर ओला पाला टाकला. धुराचा खांब उठला. गेलेल्यांना परत बोलावण्याची ती जुनी खूण होती. दुपार कलताना चार होड्या वळून आल्या. हिराजीची पुढे गेली होती, तिला धूर दिसला नसावा.

दिवस मावळायच्या आधीच वारा फिरला. धक्क्यावर अण्णा आणि धाकू शेजारी शेजारी उभे राहून समुद्राकडे पाहत होते.

धाकू म्हणाला, "साहेब, पाणपोईचं ते माझं चुकलं. मेलेल्या माणसावर जायला नको होतं."

"नको होतं," अण्णा म्हणाले. मग म्हणाले, "पण पाणी खारटच आहे, धाकू. मला ते कुणीतरी सांगायला हवं होतं."

वादळाने निम्म्या गावाची कौले नेली. हिराजीची होडी आली नाही. तिच्यातला एकही माणूस आला नाही.

चार दिवसांनी अण्णा हिराजीच्या घरी गेले. त्याची बायको चांगुणा उंबऱ्यात बसली होती. अण्णा हात जोडून म्हणाले, "दोष माझा आहे."

चांगुणाने त्यांना बसायला सांगितले. मग म्हणाली, "अण्णा, तुमची मनाई नसती तर तो थांबला असता का, ते मला ठाव नाय. तुमचा जीव हलका व्हावा म्हणून मी खोटं बोलणार नाय, नि जड व्हावा म्हणूनपण नाय. पण धाकूचा ढोल वाजला की हातातलं जाळं टाकून पळायचा तो. माघारी येऊन मला शेपूट सांगायचा, नि मी हसायच्या आधी सोताच हसायचा. येवढं खरं."

अण्णा तिथून उठले ते सरळ या चौथऱ्यावर आले. समुद्राचे पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी शपथ घेतली, की शेवरेबंदरात पालिका आहे तोवर एकही ठराव शेपटावाचून सांगितला जाणार नाही आणि जो कोणी अध्यक्ष असेल तो उघड्या डोक्याने इथे उभा राहून ते ऐकेल. पुढच्या सभेत सातही सभासदांनी तसा ठराव केला.

त्या ठरावाची दवंडी ऐकायला गाव जमले. धाकूने ठराव सांगितला, थाप मारली आणि गप्प झाला. त्याला शेपूट सुचेना. गर्दीतही कुणाच्या तोंडून शब्द निघेना. ज्या गावाने इतके हसून घेतले होते, त्याला हसायची जणू भीती वाटत होती. अण्णा उघड्या डोक्याने उभेच होते.

तेव्हा मागून चांगुणा पुढे आली. हिराजी गेल्यापासून घरातून बाहेर पडण्याचा तिचा तो पहिलाच दिवस. ती चौथऱ्यापाशी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सात सभासदांचं एकमत व्हायला येवढं मोठं वादळ यावं लागलं हो!"

 मग पहिले अण्णा हसले. हसता हसता ते खाली बसले आणि तोंडावर उपरणे घेऊन रडले. मग सगळे गाव हसले, आणि रडलेही. चांगुणा मात्र तशीच ताठ उभी होती, असे सांगतात.

धाकू आवाज बसेपर्यंत दवंडी देत राहिला. मेलेल्या माणसावर आणि कुणाच्या आईबापावर शेपूट लावायचे नाही, हा दंडक त्यानेच घालून दिला. वासूअण्णा पुढे नऊ वर्षे अध्यक्ष होते. पाणपोईची विहीर त्यांनी बुजवली आणि टेकडीच्या पायथ्याशी दुसरी खणली. तिचे पाणी गोड आहे, जाताना पिऊन जा.

आजही शेवरेबंदरात ठरावाला शेपूट लागते आणि ते लावण्याचा पहिला मान कोळीवाड्यातल्या बाईचा असतो. अध्यक्ष कोणत्याही पक्षाचा असो, निवडून आल्यावर त्याला आधी इथे आणून उभे करतात. कुणी चिडतो, कुणी लाजतो, पण उभा राहतो.

फक्त एका दवंडीला आम्ही शेपूट लावत नाही. वादळाची सूचना आता प्रत्येकाच्या मोबाइलवर आधीच आलेली असते, तरी पालिकेचा माणूस चौथऱ्यावर चढतो आणि ढोल वाजवतो. ती नुसती सूचना असते, तीत हसण्यासारखे काही नसते. तरीही सगळे गाव घराबाहेर येते, इथे उभे राहून ती शेवटपर्यंत ऐकते, आणि मगच माणसे होड्या वर ओढायला जातात.