नाव झाकलेला संगणक

एकदा एका शहरातल्या हेरंब नावाच्या तरुणाला सर्वोत्तम लिनक्सचा ध्यास लागला. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी, फुकट मिळणारी प्रणाली. तिचे अवतार शेकडो. त्यांना डिस्ट्रो म्हणतात. हेरंब आज एक डिस्ट्रो संगणकावर घाली, उद्या कुणी दुसरीची स्तुती केली की पहिली पुसून दुसरी घाली. रोज नवे स्वयंपाकघर मांडायचे आणि जेवायचे मात्र खानावळीत, अशातला प्रकार!

त्यातच त्याची शलाकाताई माहेरी आली. लहानपणी दोघे संगणकावर मोटारींच्या शर्यती खेळत. यंदा पुन्हा खेळायचे, असे फोनवर ठरलेही होते. पण ताई कंट्रोलर घेऊन बसली, की हेरंब म्हणे, "थांब गं, एवढे इन्स्टॉल होऊ दे." सुट्टी अशीच सरली. उद्या सकाळी ताईची गाडी. ती हसून म्हणाली, "राहू दे रे, पुढच्या वर्षी खेळू." ते हसू त्याला फार लागले.

तो भर दुपारी गुरुजींकडे धावला. गुरुजींची हयात लिनक्स शिकवण्यात गेली होती.

"गुरुजी, ताई उद्या निघाली, आणि माझ्या इन्स्टॉलपायी आमचा एकही खेळ झाला नाही. सर्वांत चांगली डिस्ट्रो कोणती? आजच सांगा!"

गुरुजींनी उलट विचारले, "तुम्ही भावंडे खेळता कोणते खेळ? एरवी तू संगणकावर काय करतोस? ग्राफिक्स कार्ड कोणते?" उत्तरे ऐकून ते त्याच्या घरी आले, त्यालाच खोलीबाहेर बसवले आणि दार लावून घेतले. दार उघडले तेव्हा संगणक तयार होता. पण पडद्यावर डिस्ट्रोचे नाव नाही की चिन्ह नाही. सगळे त्यांनी मुद्दाम लपवले होते.

"पण ही आहे कोणती?" हेरंब कासावीस झाला.

"आधी खेळा."

शर्यत सुरू झाली. ताईने पहिल्याच वळणावर भावाला मागे टाकले आणि असा काही आरडाओरडा केला की शेजारीण डोकावून गेली. मग गुरुजीही बसले आणि थेट भिंतीवर आदळले. हसून हसून तिघांची पोटे दुखली. मध्येच ताईने प्रवासाचे तिकीट छापून घेतले. प्रिंटरनेही कुरकुर केली नाही.

खेळ थांबल्यावर हेरंबने पुन्हा नाव विचारले. गुरुजींनी सांगितले. तो उडालाच. "ही? ही तर नवशिक्यांची म्हणून मी सगळीकडे हिची टिंगल करतो!"

"खुशाल कर," गुरुजी म्हणाले. "तुमचे खेळ हिच्यावर चालतात, तुझे कार्ड ही ओळखते, अन् कुठे अडलेच तर वाट दाखवणारे पुष्कळ आहेत. हे जिच्यात मिळेल ती आपली. दुसऱ्या कितीतरींमध्येही ते मिळाले असते. अरे, डिस्ट्रो म्हणजे बसायची सतरंजी. तू ती झटकतच राहिलास, आणि बहीण उभीच राहिली."

हेरंबचे डोळे भरून आले. तो ताईजवळ सरकून बसला. "अजून एक शर्यत?"

"एकच?" ताई म्हणाली. "रडायला लावते की नाही बघ तुला!"

आपले माणूस वाट पाहत असेल, तर बरे आहे तेवढे पुरे मानावे आणि खेळायला बसावे.