जाळरेषेचं उद्घाटन

एक जंगल होतं. चहूबाजूंनी डोंगर होते, मधून ओढा वाहत होता आणि जंगलात लोकशाही होती. म्हणजे दर पाच वर्षांनी हरणं, ससे आणि रानडुकरं रांगा लावून मतदान करत आणि एका बिबट्याला निवडून देत. निवडून आला की त्याला पालकबिबट्या म्हणत. तो पालन नेमकं कुणाचं करतो, हे विचारायची त्या जंगलात पद्धत नव्हती. ज्यांनी पूर्वी विचारलं होतं ते आता कुठे राहतात, हे कुणालाच नीट सांगता येत नसे.

याच जंगलात हिरवळ सेवा क्लब होता. त्याचा अध्यक्ष रावजी कोल्हा. क्लबचं कार्य फार मोठं. भर वैशाखात त्यांनी अस्वलांना ब्लँकेटं वाटली. घुबडांसाठी भर दुपारी नेत्रतपासणी शिबिर भरवलं. एकही घुबड आलं नाही, तेव्हा जंगलातल्या सर्व घुबडांची दृष्टी उत्तम असल्याचं जाहीर करून टाकलं. प्रत्येक कार्यक्रमाला मोठा फ्लेक्स असे. त्यावर वरच्या बाजूला पालकबिबट्या हसत असे, खाली रावजी हात जोडून उभा असे, आणि ज्याला मदत मिळाली तो प्राणी कोपऱ्यात, जागा उरली तर.

एके वर्षी क्लबच्या बैठकीत ठरलं की आता एखाद्या खऱ्याखुऱ्या स्वयंसेवकाचा सत्कार करावा. अडचण एवढीच होती की क्लबमध्ये कुणालाच असा प्राणी माहीत नव्हता. शोधता शोधता कोंडाबाई सापडली.

कोंडाबाई ही रानडुकरीण. स्वभावाने तिखट, आवाजाने त्याहून तिखट. वरचं सागवानाचं रान आणि खालचं गवताचं कुरण यांच्यामध्ये ती आणि तिची भावकी दर फाल्गुनात नाकाने माती उकरून एक लांबलचक पट्टा उघडा करत. त्या पट्ट्यावर गवताची काडी उरत नसे, म्हणून वरून वणवा आला तरी तिथे येऊन विझत असे. यालाच जाळरेषा म्हणतात. खाली कुरणात निम्मं जंगल बाळंत व्हायचं, आणि कैक वर्षांत तिथे एक काडी जळाली नव्हती. अर्थातच त्यामुळे या कामाकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

रावजी स्वतः तिच्या दारी गेला. कोंडाबाई कुरणातल्या गवताच्या मऊ घरट्यात नुकतीच व्यालेली होती. सहा पट्टेरी पिल्लं एकमेकांवर चढून दूध पीत होती.

“कोंडाबाई, तुम्ही केवढी समाजसेवा करता!”

“म्या कंद खाते,” कोंडाबाई म्हणाली. “खाता खाता पट्टा हुतो.”

“हाच तो निरपेक्ष भाव! क्लब तुमचा जाहीर सत्कार करणार आहे. पालकबिबट्यांच्या हस्ते.”

पालकबिबट्याचं नाव ऐकून कोंडाबाईने आधी पिल्लं पोटाखाली ओढली. रावजीने ओळखलं. तो म्हणाला, “बाई, निवडणूक जवळ आलीय. साहेब सध्या शाकाहारी आहेत.”

मग त्याने शालीचा विषय काढला. आता खरं सांगायचं तर कोंडाबाईला जन्मात कुणी बाई म्हणून हाक मारली नव्हती. त्या जंगलात डुक्कर ही जात नव्हती, शिवी होती. तिने वरकरणी नाक मुरडलं. पण रावजी गेल्यावर ओढ्यावर जाऊन अंगाचा चिखल धुतला, आणि शाल कोणत्या रंगाची असेल याचा विचार करत बराच वेळ पाण्यात बघत बसली. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

“एक विनंती आहे,” रावजी जाताना म्हणाला होता. “यंदाच्या जाळरेषेचं उद्घाटनही साहेबच करणार. पहिली माती त्यांच्या पंजाने निघेल. तोवर कुणी नाक लावू नका.”

कोंडाबाईने भावकीला थांबवलं. तिची नणंद कुरकुरली, तर कोंडाबाई तिच्यावरच खेकसली, “आपल्या घराण्याचा मान हाय ह्यो, तुला काय कळतंय?”

पहिली तारीख ठरली. साहेब शेजारच्या जंगलात एका लग्नाला गेले. दुसरी ठरली. साहेबांना ओढ्याचं लोकार्पण करायचं होतं, जो ओढा डोंगराच्या वयाचा होता. फाल्गुन संपला, चैत्र चढला, कुरणातलं गवत पायाखाली कुरकुर वाजू लागलं. कोंडाबाईची झोप उडाली. एका सकाळी ती थेट क्लबमध्ये गेली.

“शाल ऱ्हाऊ द्या तुमची. आमी आजच खणाया घेतो.”

रावजी दचकला. “अहो बाई, पत्रिका वाटल्यात! तुम्ही आधीच खणलंत तर साहेबांनी उद्घाटन कशाचं करायचं?”

“आन् वणवा आला तर?”

“त्याला पत्रिका दिलेली नाही.”

त्याच दुपारी फर्मान निघालं: उद्घाटनापूर्वी जमीन उकरणाऱ्यावर विकासविरोधी म्हणून कारवाई होईल. कंद खाण्यासाठी उकरायचं असेल तर क्लबकडे अर्ज करावा. कोंडाबाईच्या नणंदेने अर्ज केला. अर्जाच्या मंजुरीचंही उद्घाटन व्हायचं होतं.

शेवटी तो दिवस उजाडला. सागवानाच्या कडेला, सुक्या पाचोळ्यावर मंडप घातला होता. साहेब यायला उशीर होता, म्हणून क्लबच्या सदस्यांनी तोवर एकमेकांचे सत्कार उरकून घेतले. खजिनदार मुंगसाचा सत्कार सचिव तरसाने केला, मग तरसाचा मुंगसाने. सूत्रसंचालन साळुंकीकडे होतं. ती प्रत्येक नावाआधी चार ओळी कविता म्हणत होती. कोंडाबाई व्यासपीठावर कडेच्या खुर्चीत अंग चोरून बसली होती. खुर्ची तिला पुरत नव्हती.

ऊन डोक्यावर आल्यावर पालकबिबट्या आले. जयजयकार झाला.

“आता साहेबांच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन!” साळुंकी चिवचिवली.

साहेबांनी समई पेटवली, फोटोसाठी तीन वेळा पेटवली, आणि वळताना त्यांची शेपटी समईला लागली. समई कलंडली. हे शंभरेक प्राण्यांनी पाहिलं. शेपटी कुणाची होती, याबद्दल चौकशी समितीचा अहवाल अजून यायचा आहे.

पाचोळ्याने पेट घेतला. वारा कुरणाच्या दिशेने होता. साहेबांनी माइक हातात घेतला.

“बंधूंनो आणि भगिनींनो! विरोधक विचारतात, गेल्या पाच वर्षांत काय केलं? मी म्हणतो, हा उजेड बघा!”

टाळ्या पडल्या. मंडपाच्या काठीवरून टिटवी ओरडली, “अरे, आग लागलीय, आग!” साळुंकीने माइकवरून प्रेक्षकांना शांतता राखण्याचं आवाहन केलं.

कोंडाबाई उठली. रावजीने तिला खांद्याला धरून खाली बसवलं. “बसा हो! सत्कारमूर्तीच उठल्या तर कसं दिसेल? साहेब बोलताहेत. शाल आता घालतीलच.”

आणि कोंडाबाई बसली. फार वेळ नाही. एक मुद्दा, त्यावरची एक कोटी आणि त्यावरच्या टाळ्या, एवढाच वेळ. मग वाऱ्याबरोबर गवत जळाल्याचा वास आला आणि ती किंकाळी फोडून खुर्चीसकट व्यासपीठावरून खाली कोसळली, आणि मंडपाचं कापड फाडून धुरात घुसली. भावकी तिच्यामागे धावली. पेटत्या गवताच्या पुढे जाऊन सगळ्यांनी नाकं जमिनीत खुपसली, पण अख्ख्या फाल्गुनात होणारं काम श्वास धरून होत नाही. कोंडाबाईने दोन पिल्लं तोंडात धरून बाहेर आणली. बाकीच्या चौघांसाठी ती परत गेली, तोवर घरटं राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पालकबिबट्यांनी वणवाग्रस्त भागाची पाहणी केली. बरोबर कुणालाही घेतलं नाही. नुकसान कितपत झालंय ते त्यांनी जातीने चाखून पाहिलं. परतल्यावर ते फार हळहळले आणि ओढ्यावर पाणी पिऊन झोपले. शाकाहाराबद्दल पुढे कुणी काही बोललं नाही.

आठवड्याने क्लबने अपुरा राहिलेला कार्यक्रम पुन्हा ठेवला, या वेळी काळ्या पडलेल्या कुरणाच्या काठावर. फीत लावली होती. साहेबांनी दाताने फीत तोडली आणि समोर क्षितिजापर्यंत पसरलेल्या राखेकडे पंजा केला.

“मागच्या राजवटीत केवढीशी जाळरेषा व्हायची? चार पावलं! आज बघा. इतकी रुंद जाळरेषा या जंगलाच्या इतिहासात कुणी काढली नव्हती. आता इथे वणवा लागूच शकत नाही, हा माझा शब्द आहे!”

शब्द खरा होता. जळायला तिथे काही उरलं नव्हतं.

मग कोंडाबाईला पुढे बोलावलं. तिचं नाक भाजून सोललं होतं. रावजीने शाल तिच्या पाठीवर टाकली. शाल भगवी नव्हती, हिरवी नव्हती, निळीही नव्हती. मागच्या वर्षी अस्वलांना वाटलेल्या ब्लँकेटांपैकीच एक होती. कोंडाबाईने ती अंगावरून झटकली आणि माइकसमोर उभी राहिली.

“माजी चार लेकरं हायती त्या राखंत,” ती म्हणाली. “म्या खुर्चीवर बसून ऱ्हायले. तुमी बसा म्हनलात, आन् म्या बसले.”

साळुंकीने लगेच माइक आपल्याकडे ओढला.

“कोंडाबाईंना भावना अनावर झाल्यात. त्यांच्या या त्यागासाठी जोरदार टाळ्या!”

टाळ्या झाल्या. फोटो निघाला. फ्लेक्सवर कोंडाबाई कोपऱ्यात होती, जागा उरली होती म्हणून.

पुढच्या महिन्यात निवडणूक झाली आणि पालकबिबट्या बिनविरोध निवडून आले. विरोध करणारे बहुतेक कुरणात राहायचे.