चाळीस सेकंद

"आणि नेट गेलं तर?"

भन्ते करुणाशील विहाराचं अंगण झाडत होते. प्रश्न विचारला, पण झाडू थांबला नाही.

"दुसरं कनेक्शन घेतलंय, भन्तेजी."

"लाइट गेली तर?"

"इन्व्हर्टर आहे."

"माझा आवाज बसला तर?"

"मागच्या वर्षीचं तुमचं प्रवचन रेकॉर्ड केलेलं आहे ना. एक बटण दाबलं की सुरू. कोणाला कळणारसुद्धा नाही." प्रज्योत हसला.

नागपुरात त्यानं मोठमोठ्या कंपन्यांचे कार्यक्रम पार पाडले होते. ते सगळं सोडून तो दोन वर्षांपूर्वी इथं आला, श्रामणेर व्हायचं म्हणून. भिक्खू होण्याची ती पहिली पायरी. दोन वर्षं तो एकच गोष्ट मागत होता आणि भन्ते "बघू" म्हणत होते. यंदा बुद्धपौर्णिमेचं प्रवचन ऑनलाइन होतं. एवढं बिनचूक झालं की भन्ते नाही म्हणूच शकणार नाहीत, अशी त्याची पक्की समजूत.

झाडू थांबला.

"आणि काहीच गेलं नाही तर?"

"म्हणजे?"

भन्ते पुन्हा झाडू लागले.

पौर्णिमेच्या सकाळी अकराशे लोक जोडले गेले. भन्ते सभागृहात एकटेच, समोर कॅमेरा. प्रज्योत शेजारच्या खोलीत, दोन लॅपटॉप आणि तीन फोन घेऊन. बूड म्हणून टेकत नव्हतं. अकोल्याच्या एका काकांना आवाज येत नव्हता. त्यांना फोनवर समजावताना याची नजर जोडलेल्या लोकांच्या आकड्यावर. अकराशे बारा. अकराशे चार. आठ जण का गेले? कुठे गेले?

बाविसाव्या मिनिटाला पडद्यावरचे भन्ते हलेनासे झाले.

दहा सेकंद. वीस. काका कानात बोलतच होते. खाली कोणीतरी लिहिलं, "अडकलं का?"

चाळिसाव्या सेकंदाला प्रज्योतनं बटण दाबलं.

मागच्या वर्षीचे भन्ते बोलू लागले. आकडा जागेवर राहिला. त्यानं घाम पुसला आणि स्वतःवरच खूश झाला. खोटं कशाला बोला, काम चोख होतं.

कार्यक्रम संपताच तो सभागृहात धावला. भन्ते अजून कॅमेऱ्यासमोरच बसले होते. मांडीवर घडी केलेलं कोरं चीवर होतं, भिक्खूचं काषाय वस्त्र.

याचं तिकडे लक्ष कुठलं!

"भन्तेजी, कुठं तुटलं नाही! लोकांनी काय काय लिहिलंय ऐका." तो फोनवरून वाचू लागला. "साधू, साधू... फार शांत वाटलं... आता नीट दिसतंय, धन्यवाद... हा प्रज्योत कोण?"

तो थांबला. बोटानं मागचा मजकूर वर आणला. आता तो मनातच वाचत होता.

'भन्तेजी आज प्रज्योत नावाच्या शिष्याला चीवर देणार!'

'भाग्यवान आहे.'

'प्रज्योत, या ना समोर. भन्तेजी थांबलेत.'

'अडकलं का?'

प्रज्योत भन्तेंसमोर बसला.

"तुम्ही... माझं नाव घेतलंत?"

"घेतलं."

"मी फोनवर होतो. मला वाटलं, चित्र गोठलं..."

भन्तेंनी चीवराची घडी सारखी केली.

त्याला रडू आवरेना. दोन वर्षं ज्याच्यासाठी काढली, ते त्यानं स्वतःच्या बोटानं पुसून टाकलं होतं. डोळे पुसत त्यानं विचारलं, "पुन्हा कधी बोलवाल, भन्तेजी?"

भन्तेंनी दोन्ही हातांनी चीवर उचललं आणि त्याच्यापुढे धरलं.

प्रज्योतच्या हातातला फोन थरथरला. त्याची नजर खाली गेली. क्षणभरच. अकोल्याचे काका होते.

त्यानं वर पाहिलं, तेव्हा चीवर पुन्हा मांडीवर होतं.

"आत्ताच बोलावलं होतं," भन्ते म्हणाले.