पाचवा सूर

माणसाने साधी पिपाणीही केली नव्हती तेव्हाची गोष्ट. एका आंब्याच्या ढोलीत दोन दयाळ पक्षी राहत, सख्खे भाऊ. धाकटा मोठा गुणी. सकाळपासून रियाज करायचा, पण जे येतं त्याचाच.

दयाळांची एक हाक होती. चार सूर खालचे आणि पाचवा एकदम वरचा. पाचही लागले की अर्थ व्हायचा, "शिकरा आला, लपा!" नुसते चार म्हटले तर, "अळ्या सापडल्या, या!" धाकट्याचा आवाज पाचव्यावर फाटायचा. म्हणून तो पहिले चारच शंभर वेळा घोटायचा.

थोरला म्हणायचा, "अरे, अडतं तिथे थांब ना जरा. तेवढाच सूर हळू म्हण."

"दादा, तुला गाण्यातलं काय कळतं? साळुंकीकाकूंना विचार."

"काय गोड गळा हो!" काकू लगेच म्हणायच्या. त्या चौथ्या सुरालाच मान डोलवून उडून जायच्या.

एक दिवस शिकरा खरंच आला. धाकट्याने हाक दिली. चार सूर असे लागले की विचारू नका. पाचवा घशातच राहिला. थोरला बिचारा अळ्या खायला ढोलीबाहेर आला.

दुखवट्याला काकू म्हणाल्या, "जाताना किती गोड कानावर पडलं हो त्याच्या! नशीबवान."

तेव्हापासून धाकटा ढोलीच्या तोंडाशी बसून तो एकच सूर हळूहळू लावत असतो.

"पोराचा गळा बिघडला," काकू म्हणतात. "पूर्वी किती छान गायचा!"

सूर आता दर वेळी लागतो. लपायला ढोलीत कोणी नाही.