फुकटच्या खुंट्या

त्या मुलखात रस्ते नव्हते, कालवे होते. डोंगरापाशी वारा भरून घ्यायचा आणि गोल, लाल होड्यांतून घाटाघाटावर पोचवायचा, हाच तिथला धंदा. वारा पोचला तरच घाटावरचे दिवे जळत. तो धरून ठेवायला प्रत्येक होडीच्या पोटात लोखंड असे. मुलखात इतरत्र मोकळं लोखंड औषधालाही मिळत नसे.

होडीवाल्यांची एक रीत होती. पहिल्या खेपेलाच हत्यारपेटी काठावर टाकून द्यायची. "पेटी वाहू की माल?" म्हणत तांबोजीनेही टाकली होती. होडी फाटली तर, असं कुणी विचारलं की तो हसे. "फाटतेय कशाला? कालव्याच्या अरुंद बोळात दुमडते, बाहेर आली की पुन्हा गोल!"

त्या दिवशी त्याला शेवटचा घाट गाठायचा होता. तिथल्या गजराबाईचा दिवा विझत आला होता.

वाटेत एका खडकाला चिकटलेली परक्यांची वस्ती लागली. माणसं लोखंडाची भुकेली, पण तोंडाने गोड.

"दादा, मूठभर लोखंड द्या की."

"आणि वारा कशात धरू? तुमच्या टोपीत?"

"बरं, राहिलं. या खुंट्या तरी न्या, कंदील टांगायला. पैसे नकोत."

फुकटचा माल कोण उलटापालटा करून बघतो? तांबोजीने त्या होडीला लावून घेतल्या. मागून येणाऱ्या होड्यांनीही घेतल्या.

थोडं पुढे गेल्यावर खुंट्या हलल्या. एकेक सरकत जवळ आली, सगळ्यांनी मिळून कडं केलं आणि ते कडं होडीच्या अंगात आरपार बसलं. मधून पाणी उसळलं.

"पेटी कुठाय, पेटी?" तांबोजी चाचपडला. हाताला माल लागला, नुसता माल. होडी टम्म फुगली आणि फुटली, तिचा लाल रंग पाण्यात पसरला. त्याच्यामागे दुसरी, मग तिसरी.

पुढच्या वळणावर परक्यांनी जाळी आधीच लावून ठेवली होती. लोखंड आयतं त्यांत येऊन पडलं. खडकावर नव्या चुली पेटल्या.

शेवटच्या घाटावर गजराबाई पाण्याशी वाकली. कालवा असा तांबडालाल तिने कधी पाहिला नव्हता.

"अगं बाई, आज होड्या भरपूर निघालेल्या दिसतात!" ती हरखून शेजारणीला म्हणाली.

आणि मण्याएवढ्या उरलेल्या ज्योतीला हाताचा आडोसा करून ती वळणाकडे बघत बसली.