राक्षसाचं वाकडं नाक

कुणाच्या पणजीच्या पणजीलाही धड आठवणार नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात एक चितारी राहत होता. चितारी म्हणजे चित्रं काढणारा. हात मोठा गुणी, मन लोण्यासारखं मऊ, आणि नाक मात्र वाकडं. लहानपणी तो चिंचेवरून पडला, तेव्हा ते नाक जे डावीकडे वळलं ते पुन्हा सरळ झालंच नाही.

त्या गावात एक गमतीची रीत होती. गावाची एका गोष्टीची पोथी असे. गोष्ट जुनीच, पण चित्रांतले चेहरे गावातल्याच माणसांचे. गोष्टीतला राजा म्हणजे आपला शेजारी आणि राणी म्हणजे पलीकडच्या आळीतली मावशी. असं केलं की पोरं कान देऊन ऐकतात, असं जुनी माणसं म्हणत, आणि ते खरंही होतं.

पोथी जीर्ण झाली की नवी करायची आणि चैत्री पुनवेला पारावर मुलांसमोर तिची पानं दाखवायची. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई एकेक पान वर धरून विचारी, "कोण गं हे? कोण रे हे?" मुलांनी नाव ओरडलं, की पान खरं ठरलं. मुलं गप्प राहिली, तर पोथी शिवायची नाही आणि चिताऱ्यानं आपला कुंचला म्हातारीच्या पायाशी ठेवायचा. तो पुन्हा हाती धरायचा नाही.

त्या वर्षी जुन्या पोथीला वाळवी लागली आणि नवीचं काम आपल्या चिताऱ्याकडे आलं. त्याची ही पहिलीच पोथी. कुंचला बापाचा होता, खारीच्या शेपटीच्या केसांचा. बाप जाताना एवढंच म्हणाला होता, "पोरा, माणूस ओळखू आला पाहिजे. सुंदर नाही दिसला तरी चालेल." पोरानं तेव्हा मान हलवली होती. मान हलवायला काय लागतं!

गोष्टही झकास होती. एका राजा-राणीच्या राज्यात एक खादाड राक्षस येतो. प्रधानाची अक्कल त्याच्यापुढे चालत नाही, आणि शेवटी एक हुशार म्हातारी त्याला वठणीवर आणते. चिताऱ्यानं मनाशी चेहरे ठरवले. राजा कुंभार, कारण त्याचं टक्कल त्याच्याच रांजणासारखं चकचकीत. राणी तेलीण, कारण तिच्या पुढच्या दोन दातांत फट होती आणि ती हसली की आख्खी आळी हसायची. प्रधान गावचे पंतोजी. पोरांचे कान पिळून पिळून त्यांचे स्वतःचेच कान मोठे झाले होते, असं पोरं म्हणत. हुशार म्हातारी म्हणजे पारावर पानं दाखवणारी म्हातारी आजीच, सुरकुत्यांची जाळी तोंडभर ल्यालेली. आणि राक्षस? दांडग्या भुवयांचा लोहार. खरं तर त्याच्याइतका मायाळू माणूस गावात दुसरा नव्हता, पण भुवया पाहिल्या की कुत्री रस्ता बदलायची.

रोज सकाळी चितारी अंगण झाडून पडवीत बसे. गेरू उगाळी, दिव्यावरची काजळी डिंकात कालवी, पळसाची फुलं भिजत घाली. मांजर येऊन नेमकं कोऱ्या कागदावर निजे. मग मांजराला उठवायचं, त्याची समजूत काढायची आणि मग कुठे पहिली रेघ ओढायची. चिताऱ्याला ही वेळ फार आवडे. हातात कुंचला आणि समोर कोरा कागद असला की त्याला आपण राजाहून सुखी आहोत असं वाटे.

पण पोथीत आपला चेहरा येणार ही बातमी गावात लपते थोडीच!

पहिला आला कुंभार. डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "चितारीबुवा, राजा म्हटल्यावर मुकुट असणार. मग मुकुटाखालून जरा केस दिसले तर बरं, नाही का? कुरळे असतील तर उत्तमच."

चिताऱ्याच्या मनात टक्कलच होतं. पण नाही म्हणायचं त्याला कधी जमलंच नव्हतं. कुंभाराला कुरळे केस मिळाले.

मग तेलीण आली, पदर तोंडावर धरून. "भाऊ, एवढी फट तेवढी बुजवा हो. राणीच्या दातांत खिडकी बरी दिसते का?" फट बुजली. पंतोजी आले आणि अर्धा दिवस 'मर्यादित कान' या विषयावर बोलले. कान मर्यादित झाले. आणि एके दुपारी, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, साक्षात म्हातारी आजी काठी टेकत आली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "लेकरा, म्हातारीच काढायची आहेस हे मला कळतंय. पण जरा तरुण म्हातारी काढ की!"

चिताऱ्याची बायको हे सगळं चुलीपाशी बसून ऐकत होती. आजी गेल्यावर ती म्हणाली, "अहो, भीड भिकेची बहीण असते. सगळ्यांना हो म्हणत सुटलात. पोरांनी ओळखलं नाही तर?"

"न ओळखायला काय झालं? पोरांची स्वतःचीच माणसं आहेत," चितारी म्हणाला. पण त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं नाही.

सगळ्यांत शेवटी लोहार आला. एवढा थोरला गडी, पण दारात उभा राहून रडायच्या बेताला आलेला. "दादा, माझी लेक औंदा लग्नाची आहे. राक्षसाची पोर म्हणून कोण करून घेईल तिला?"

आता राक्षस कुणाला करायचं? चितारी गावभर फिरला. पैलवान म्हणाला, माझी आई रागावेल. खाटकाची बायको म्हणाली, आमचे हे राक्षस घरात पुरेत, पोथीत नकोत. जो तो हात झटकून मोकळा. शेवटी नाकी नऊ आलेला चितारी घरी येऊन मटकन बसला आणि म्हणाला, "ठरलं. राक्षस मीच."

बायकोनं पितळी परात पाण्यानं भरून त्याच्यापुढे ठेवली. त्या गावात तोच आरसा. चितारी परातीत बघून काढू लागला, पण मांजर मधेच पाणी प्यायला येई आणि राक्षसाच्या चेहऱ्याला लाटा सुटत. "नाक उजवीकडे गेलं तुमचं," बायको खांद्यावरून डोकावून म्हणाली. "तुमचं डावीकडे आहे. इतकी वर्षं बघतेय मी."

"राक्षस रागावलेला पाहिजे. मी रागावल्यावर कसा दिसतो गं?"

"तुम्हाला राग येतो कधी? पण भाकरीला उशीर झाला ना, की दोन्ही डोळे चुलीकडे लागतात, खालचा ओठ पुढे येतो आणि कान हलतात."

"माझे कान हलतात?"

"गदागदा!"

आणि मग त्या पडवीत जे हसू फुटलं ते आवरेना. राजा काढताना चिताऱ्याचा हात जड झाला होता. राणी काढताना तो पुन्हा पुन्हा खोडत होता. पण राक्षस काढताना हात आपोआप चालू लागला. हा चेहरा गोड करा म्हणून सांगायला कुणी येणार नव्हतं. त्यानं वाकडं नाक काढलं, पुढे आलेला ओठ काढला, हनुवटीवरचा तीळ आणि तिळावरचा एकुलता एक केससुद्धा सोडला नाही. काम संपलं तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती आणि त्याला भुकेची आठवणही नव्हती.

चैत्री पुनव आली. पारावर सडा घातला होता, तोरण लागलं होतं. पोरं पुढे दाटीवाटीनं बसली. ज्यांचे चेहरे पोथीत होते ते नवी पागोटी बांधून, नवी लुगडी नेसून मिरवत होते. कुंभार तर मिशीला पीळ देत नातीच्या अगदी समोर बसला.

म्हातारी आजीनं पहिलं पान वर धरलं. "कोण गं हे? कोण रे हे?"

"राजा!" पोरं ओरडली.

"राजा तर झालाच. पण कोण?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. कुणी बोलेना. कुंभाराला राहवेना. नातीला म्हणाला, "अगं बघ की नीट! मी आहे तो, तुझा आजा!"

नातीनं चित्राकडे पाहिलं, आज्याकडे पाहिलं आणि ठामपणे मान हलवली. "माझा आजा टकलू आहे. मी त्याच्या डोक्यावर पाप्या घेते. ह्याच्या डोक्यावर जागाच नाही."

सगळा पार हसला. कुंभाराचा हात आपसूक डोक्यावर गेला.

दुसरं पान निघालं. राणी. तेलणीचा मुलगा म्हणाला, "ही माझी आई नाही. आई हसली की खिडकी उघडते." तिसरं पान निघालं. पंतोजींचे सगळे विद्यार्थी समोर होते, पण एकालाही ते कान ओळखू येईनात. चौथ्या पानावरच्या तरुण म्हातारीला तर पोरांनी राणीची बहीण ठरवलं. खरंच, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे ते चेहरे होते. देखणे सगळेच, पण आपलं त्यात कुणीच नाही.

कमरेला खोचलेला बापाचा कुंचला चिताऱ्यानं काढून हातात घेतला. बापाचे शब्द आठवले आणि त्याचे डोळे भरून आले. रागवायचं तरी कुणावर? गावानं मागितलं ते मागितलं, पण देणारा तोच होता.

"एक पान राहिलंय," आजी म्हणाली आणि तिनं ते वर धरलं. "कोण गं हे? कोण—"

तिला पुरतं विचारताच आलं नाही. "चितारीकाका!" पोरांनी एकच गिल्ला केला. "चितारीकाका! नाक बघ, नाक!" "भाकरी मागतायत काकूकडे!" एक एवढंसं पोर तर उठून चित्रातल्या तिळावरचा केस उपटायलाच धावलं. मोठी माणसं पोट धरधरून हसली. "पुन्हा दाखव, आजी, पुन्हा दाखव!" आजीनं पुन्हा दाखवलं, आणि पोरं पहिल्यापेक्षाही जास्त हसली. राक्षस असा की सगळ्यांना हवाहवासा वाटला.

हसू ओसरलं तसा चितारी पुढे झाला. वाकून त्यानं कुंचला आजीच्या पायाशी ठेवला. "एका पानाची पोथी होत नाही, आजी. रीत ती रीत."

आजीनं कुंचल्याकडे पाहिलं, आपल्या त्या गुळगुळीत गालांच्या चित्राकडे पाहिलं आणि तिला एकदम खुदकन हसू आलं.

"कुंचला उचल, लेकरा," ती म्हणाली. "चोरी एकट्याची नाही. सुरकुत्या पुसायला तुझ्या दारी मीच आले होते, काठी टेकत. आता ही पोरं मला ओळखत नाहीत, म्हणजे शिक्षा मला झालीच की. बाकीच्यांनी आपापलं बोला."

कुंभार उठला. "केस मी मागितले होते." मग तेलीण उठली, आणि बोलता बोलता तिला हसू फुटलं, आणि ती खिडकी सगळ्या गावाला दिसली. पंतोजींनी पागोटं काढून कान मोकळे केले. पोरांनी टाळ्या पिटल्या.

आजीनं निवाडा दिला, "मुलांनी ओळखायला हवं, एवढीच रीत आहे. पुढच्या पुनवेला ओळखलं तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी चिताऱ्याच्या दारात पुन्हा गर्दी. पण या वेळी मागण्या उलट्या! "माझं टक्कल जरा आणखी चमकू द्या." "फट नीट मोजून काढा हो, बारीक नको." आजी तर उन्हात येऊन बसली आणि म्हणाली, "एकही सुरकुती सोडलीस तर बघ. फार वर्षं लागलीत त्या जमवायला." लोहार आला तो हिरमुसलेला. "राक्षस माझा होता हो दादा. माझ्या भुवया वाया गेल्या!" पण पोरं आपला राक्षस सोडायला तयार होईनात. मग आजीनं गोष्टीतच राक्षसाला एक थोरला भाऊ दिला आणि लोहाराच्या भुवया पोथीत आल्या. त्याच्या लेकीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी ते पान पाहिलं, मनसोक्त हसले आणि जाताना सुपारी फोडूनच गेले.

पुढच्या पुनवेला तर आजीला विचारायची उसंतच मिळाली नाही. पान वर जायच्या आधीच पोरं नावं ओरडत होती. पोथी शिवली गेली आणि चितारी म्हातारा होईपर्यंत त्याच कुंचल्यानं चित्रं काढत राहिला.

पुष्कळ वर्षं लोटली. चित्रातलं कुणीच उरलं नाही. गावात एक लहान मुलगी होती. तिच्या पुढच्या दोन दातांत फट होती, म्हणून ती तोंडावर हात धरूनच हसायची. एके दिवशी तिच्या आईनं पोथी उघडून राणीचं पान तिच्यापुढे धरलं. "ही तुझ्या पणजीची आई, गावची तेलीण. ही हसली की आख्खी आळी हसायची." मुलगी चित्राकडे बघत राहिली. मग तोंडावरचा हात तिनं हळूच खाली घेतला आणि ती धावत अंगणात गेली, सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं हसत.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: जी खूण आपण लपवायला धडपडतो, त्याच खुणेनं आपली माणसं आपल्याला ओळखतात आणि आपल्यावर माया करतात.